धरणाखालच्या थंड नदीत वसंतातली ट्राउट फ्लाय फिशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा सरत आला की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी मांडली आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक शंका आहेत, पुढे अपवाद. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. महिने उत्तर गोलार्धाचे आहेत. दक्षिण गोलार्धासाठी शेवटचा प्रश्न पाहा.

१. टेलवॉटर म्हणजे नेमकं काय? साध्या डोंगरी नदीपेक्षा ती वेगळी कशी?

टेलवॉटर म्हणजे धरणाच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर वाहणारी नदी. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचा थर तापला तरी थंड पाणी तळाशीच बसून राहतं. धरणाची निर्गमद्वारं खोलवर असली की नदीत येतं ते हेच तळाचं पाणी, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात न गोठणारं. गाळही जलाशयातच बसतो, म्हणून पाणी स्वच्छ.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरचं ग्लेन कॅनियन, सॅन वॉनवरचं नवाहो, ग्रीन नदीवरचं फ्लेमिंग गॉर्ज ही धरणं १९६० च्या दशकात झाली. त्याआधी या नद्या उन्हाळ्यात कोमट आणि गढूळ असत. आज त्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी ओळखल्या जातात, त्या धरणांमुळेच. म्हणजे या नदीचा ऋतू धरण ठरवतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. मग वसंतातच का जायचं? थंड पाणी तर वर्षभर असतं.

दोन कारणं. पहिलं, वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळतो आणि मोकळ्या नद्या चहासारख्या गढूळ होऊन दुथडी भरून वाहतात. तेव्हा धरणाखालची नदी बहुधा नितळ असते. दुसरं, मार्च ते मे या काळात छोट्या ऑलिव्ह मेफ्लाय (पाण्यात वाढून पंख फुटल्यावर वर येणारे किडे) निघू लागतात आणि हिवाळाभर तळाशी चिकटून राहिलेले मासे पहिल्यांदा वर बघू लागतात. वर्षभर मी या दिवसांची वाट पाहतो.

मात्र एक लक्षात ठेवा. जलाशय सावकाश तापतो. काठावर झाडांना पालवी फुटलेली असते आणि धरणातून येणारं पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं. कपडे हवेचा अंदाज पाहून घाला, पण फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा बांधलेला गळ, निवडताना पाण्याचं तापमान पाहा.

३. पाण्याचं तापमान किती असावं?

ट्राउट १० ते १६ अंशांत सर्वांत चपळ असतात. मार्चमध्ये ४ ते ६ अंशच मिळतील आणि त्यातही मासे मिळतात. फक्त ते खायला फार लांब जात नाहीत, फ्लाय त्यांच्या तोंडाजवळून जावी लागते. ७ अंशांच्या पुढे मेफ्लायची शक्यता वाढते. १९-२० अंशांना पोहोचलं की मासेमारी थांबवा. वसंतात धरणाजवळ ही वेळ सहसा येत नाही.

आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. सकाळी ५ आणि दुपारी ६.५ अंश असेल तर तो दिवस दिवसभर ७ वर अडकलेल्या दिवसापेक्षा बरा निघतो. थर्मामीटर गुडघाभर वाहत्या पाण्यात, सावलीत, दोन मिनिटं धरा. काठच्या साचलेल्या पाण्यातला आकडा फसवतो.

धरणापासून जितकं खाली जाल तितकं ऊन आणि हवा पाण्यावर काम करतात. पायथ्याशी तापमान दिवसभर जवळपास सारखंच असतं. दहा-पंधरा किलोमीटर खाली ते दुपारी चढतं आणि रात्री उतरतं. मार्चच्या उन्हाच्या दुपारी मी म्हणूनच खालच्या पट्ट्यात जातो.

४. विसर्गाचे आकडे कसे वाचायचे? किती क्युसेक म्हणजे चांगलं?

यासाठी एकच आकडा सांगता येत नाही. ५०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) एका रुंद नदीत घोटाभर पाणी असेल आणि अरुंद घळीत तेच पाणी पाय उचलेल. (आकडा घनमीटरमध्ये असेल तर सेकंदाला १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक.) तुमच्या नदीवर कोणत्या आकड्याला कोणता दगड बुडतो हे वहीत लिहून ठेवा. एका मोसमात स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आकडा स्थिर आहे की बदलतोय हे आधी पाहा. दोन-तीन दिवस स्थिर असलेला विसर्ग सर्वांत चांगला, कारण मासे आपापल्या जागा धरून बसतात. पाणी चढू लागलं की तळातल्या अळ्या, गांडुळं, स्कड (कोळंबीसारखे बारीक जीव) उखडून वाहू लागतात आणि पहिला अर्धा तास मासे अधाशासारखे खातात. तेव्हाच तुम्ही काठाकडे निघालेले असायला हवं (प्रश्न ५). पाणी झपाट्याने उतरताना मासे बिथरतात आणि खोल डोहात सरकतात. ते स्थिरावेपर्यंत थांबा.

५. पाणी अचानक सोडलं तर काय करायचं?

बाहेर पडा. मासा गळाला लागलेला असला तरी.

वीजनिर्मितीच्या धरणांत विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू होतात आणि गुडघाभर पाणी थोड्याच वेळात कमरेपर्यंत येऊ शकतं. धरणाजवळ भोंगा वाजतो, पण काही किलोमीटर खाली तो ऐकू येत नाही. तिथे आपले डोळेच कामी येतात. पाण्यात उतरण्याआधी अर्धा उघडा असलेला एक दगड ठरवा आणि दर काही मिनिटांनी त्याच्याकडे पाहा. काठावरची वाळलेली पानं आणि काटक्या तरंगत येऊ लागल्या, पाण्याचा आवाज बदलला, किंवा स्वच्छ पाणी एकाएकी मळकट झालं, तर वाढ सुरू झाली आहे असं समजा.

एकदा मी नदीच्या मधल्या बेटावर उभा राहून 'अजून एक फेक' असं तीनदा म्हटलं. मागे वळलो तर परतीची उथळ वाट बुडालेली होती. दोन तास त्या बेटावर थंडीत काकडत बसलो. तेव्हापासून परतीची वाट वरच्या अंगाला नसेल तर मी ओलांडतच नाही.

६. थंड पाण्यात पडलो तर? वेडर असतात ना.

वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, कोरडं ठेवतात, वाचवत नाहीत. कमरेचा पट्टा घट्ट बांधा, म्हणजे पडलात तर पाणी आत सावकाश शिरेल. ५ अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट श्वास आवरत नाही, धाप लागते. त्यात तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. त्यानंतर हात-पाय नीट चालतात ते साधारण १० मिनिटं. काठ गाठायचा तो याच वेळात. वाहून जात असाल तर पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि जोराच्या पाण्यात उभं राहू नका, दगडांत पाय अडकतो. हातात काठी ठेवा. गाडीत कोरड्या कपड्यांचा जोड ठेवा.

७. वसंतात मासे काय खातात?

चिलटं, म्हणजे कायरोनोमिड. बारा महिने, रोज. धरणाखाली किड्यांच्या जाती कमी आणि संख्या प्रचंड असते, कारण अनेक किड्यांना वाढीसाठी तापमानातली चढउतार लागते आणि इथे ती नाही. मोठ्या स्टोनफ्लाय या किड्यांची अपेक्षा धरू नका. चिलटांच्या अळ्या, त्यांचे कोष, पाणवनस्पतींतले स्कड आणि सोबग (तसेच बारीक कवचधारी जीव), तळातली लालसर गांडुळं हा रोजचा आहार. त्यावर वसंतात ऑलिव्ह मेफ्लायची भर पडते, आणि एप्रिल-मेमध्ये खालच्या पट्ट्यात कॅडिस या पतंगासारख्या किड्यांची.

काही टेलवॉटरवर मेफ्लाय जवळजवळ नसतातच, याचंही लोकांना नवल वाटतं. अनेक किडे काठच्या पाण्याच्या रेषेजवळ दगडांवर अंडी चिकटवतात. रोज विजेसाठी पाणी वर-खाली होत असेल तर ती अंडी उघडी पडून वाळतात. ग्लेन कॅनियनखाली २०१८ पासून यावर एक प्रयोग झाला. मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवायचा, म्हणजे त्या दिवशी घातलेली अंडी पुढे पाण्याखालीच राहतात. आठवड्याचे दोन दिवस, बाकी वीजनिर्मिती चालूच. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. नदी बिघडवणारी तीच द्वारं तिला थोडी सावरूही शकतात.

८. डब्यात कोणत्या फ्लाय असाव्यात?

थोड्या, पण लहान. (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान.) काळी आणि लाल झीब्रा मिज १८ ते २२ नंबरची. फेझंट टेल १६ ते २० ची. ही फ्लाय इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची, आणि ऑलिव्ह मेफ्लायच्या निम्फसाठी, म्हणजे पाण्याखालच्या अळीच्या नकलेसाठी, आजही तिला तोड नाही. आरएस२ राखाडी, २० ते २२. पॅराशूट अॅडम्स १८ ते २२. चिलटांच्या झुबक्यासाठी ग्रिफिथ्स नॅट. स्कड १४ ते १८, करडा आणि फिकट नारिंगी. लाल सॅन वॉन वर्म, पाणी चढतानासाठी. एक-दोन ऑलिव्ह स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारख्या फ्लाय.

रंगापेक्षा आकार आधी बदला. मासा घेत नसेल तर एक आकार लहान फ्लाय लावून पाहा.

९. रॉड आणि टिपेट कोणतं घेऊ?

९ फुटी, ५ वजनाचा रॉड पुरतो (हा आकडा रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा वर्ग आहे). फक्त ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, करायची असेल तर ४ वजनाचा जास्त मजा देतो. लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा निमुळता दोरा, ९ ते १२ फूट. टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा फ्लाय बांधायचा बारीक दोरा, ५एक्स आणि ६एक्स. जाडी लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात येतं. म्हणजे ६एक्स ०.००५ इंच. निम्फसाठी फ्लोरोकार्बन, ते बुडतं. ड्राय फ्लायसाठी नायलॉन. टिपेट बारीक केल्याने जास्त मासे मिळतात हे खरं, पण फार बारीक टिपेटवर मासा खेळवायला वेळ लागतो आणि तो दमून मरू शकतो. ७एक्स मी वापरत नाही.

१०. मासे नदीत कुठे उभे असतात?

जिथे कमी ताकदीत जास्त खाणं मिळतं तिथे. मार्चमध्ये ते डोहाच्या वरच्या टोकाला, खळाळ जिथे खोल पाण्यात उतरतो त्या उतारावर आणि मंद धारेच्या कडेला. पाणी ८-९ अंशांवर गेलं की तेच मासे खळाळात, गुडघाभर पाण्यातसुद्धा येतात. म्हणून पाण्यात शिरण्याआधी काठाजवळच्या पाण्यात फ्लाय फेकून पाहा. कित्येक जण ज्या जागी जाऊन उभे राहतात, मासा नेमका तिथेच असतो.

११. निम्फ टाकतो, इंडिकेटर हलतच नाही. चूक कुठे होतेय?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. दहापैकी आठ वेळा चूक फ्लायची नसते.

आधी खोली पाहा. इंडिकेटर, म्हणजे लाइनवरचा तरंगता खुणेचा गोळा, त्यापासून फ्लायपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवा, जोराच्या धारेत दुप्पट. शिसाचा मणी फ्लायच्या एक वीत वर. पाच-सहा फेकींत एकदाही तळाला टेकल्यासारखं वाटलं नाही तर अजून एक मणी लावा. मासा त्याच्या डोळ्यासमोरचं घेतो. या थंडीत फ्लाय हातभर वरून गेली तर तो मान वर करत नाही.

मग वाहणं पाहा. फ्लाय पाण्याच्याच वेगाने गेली पाहिजे. तळाचं पाणी पृष्ठभागापेक्षा हळू वाहतं, म्हणून इंडिकेटर शेजारच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित मागे पडत असेल तर ते बरोबर आहे. पुढे धावत असेल तर लाइन त्याला ओढतेय. इंडिकेटर पाण्यावर पडताक्षणी लाइन उचलून वरच्या अंगाला ठेवा, म्हणजेच मेंड करा. उशिरा केलेलं मेंड फ्लायला झटका देतं.

तिसरी गोष्ट अशी की तो हलतोय आणि तुम्हाला दिसत नाहीये. थंड पाण्यातला मासा फ्लाय ओढत नाही, तोंडात घेऊन थुंकतो. इंडिकेटर बुडण्याची वाट पाहू नका. तो क्षणभर थबकला, कलला, वेग बदलला, की रॉड हलकेच प्रवाहाच्या खालच्या दिशेने उचला.

हे सगळं करूनही काही नाही, तर दोन पावलं सरका. त्याच रेषेत तासभर फेकत राहिल्याने मासा कंटाळून घेत नाही.

१२. मासे वर येताना दिसतात पण माझी ड्राय फ्लाय घेत नाहीत.

काय वर येतंय ते पाहा. नाक दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला तर मासा पृष्ठभागावरचंच खातोय. नुसती पाठ आणि शेपटी दिसली, बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या वीतभर खालून कोषातून निघणारे किडे टिपतोय. तिथे तरंगणारी फ्लाय कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही. ड्राय फ्लायच्या मागे वीतभर टिपेटवर आरएस२ बांधा. फेक माशाच्या वरच्या अंगाने आणि थोडी बाजूने असू द्या, म्हणजे लाइनच्या आधी फ्लाय त्याच्यापर्यंत पोहोचते. ओढ बसत असेल तर त्याचं उत्तर प्रश्न ११ मध्ये आहे.

१३. दिवसाची कोणती वेळ चांगली? ऊन हवं की ढग?

वसंतात पहाटे उठायची गरज नाही. साधारण ११ ते ४. मेफ्लायसाठी ढगाळ, रिमझिम, वारा नसलेला दिवस सर्वांत उत्तम, कारण दमट थंड हवेत त्यांचे पंख लवकर वाळत नाहीत आणि त्या पाण्यावर जास्त वेळ वाहतात. मार्चच्या सुरुवातीला पाणी फारच गार असेल तर मात्र ऊन बरं, त्या एका अंशासाठी.

१४. तळावर फिकट, स्वच्छ गोल चट्टे दिसतात. ते काय?

ती ट्राउटची घरटी आहेत. रेनबो जातीच्या ट्राउटची मादी वसंतात शेपटीने गोटे उधळून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. शेवाळ निघून गेल्याने तिथला तळ आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. साधारण लांबट गोल, वर खळगा आणि खाली उंचवटा. १० अंशांत अंडी फुटायला सुमारे महिना लागतो, थंड पाण्यात त्याहून जास्त. तोवर एका बुटाचं पाऊल शेकडो अंडी चिरडू शकतं.

माझी कळकळीची विनंती आहे. घरट्यावर उभ्या असलेल्या माशांवर फ्लाय टाकू नका. ते मोठे असतात, उथळ पाण्यात स्पष्ट दिसतात आणि चिडून फ्लायला तोंडही लावतात, म्हणून मोह होतो. पण तो मासा तेव्हा खात नसतो, त्याच्याकडे उरलेली सगळी ताकद त्या कामाला लागलेली असते. त्याला दमवून फोटो काढणं मला मासेमारी वाटत नाही. गोट्यांच्या उथळ पट्ट्यातून चालू नका, काठाने वळसा घाला. काही नद्यांवर या दिवसांत असे पट्टे बंद असतात. निघण्याआधी नियम पाहून घ्या.

१५. घरट्यांच्या खालच्या डोहात अंड्याची फ्लाय चालेल का?

सुटून वाहिलेली अंडी खायला तिथे दुसरे मासे थांबलेले असतात आणि ते खरंच खात असतात. तिथे टाकायला हरकत नाही, घरट्यापासून अंतर राखून आणि नियम परवानगी देत असतील तर. गळाला लागलेली मादी फुगलेली, अंडी गळणारी निघाली तर ती जागा सोडा.

१६. आमच्या नदीत फक्त ब्राउन ट्राउट आहेत, ते तर शरदात अंडी घालतात. मग वसंतात तळावर चालायला काय हरकत?

हरकत आहे. शरदात घातलेली अंडी थंड पाण्यात हिवाळाभर गोट्यांखाली असतात. त्यातून निघालेली पिल्लं पोटाला बलक घेऊन आणखी काही आठवडे तिथेच राहतात आणि वसंतात बाहेर पडतात. तोवर घरट्यांवर पुन्हा शेवाळ चढलेलं असतं, म्हणून ती ओळखूही येत नाहीत. गोट्यांच्या उथळ पट्ट्यांत मेपर्यंत जपूनच चाला.

१७. मासा सोडताना काय काळजी घ्यावी?

काटा दाबून सपाट केलेला गळ, रबरी जाळी, ओले हात, मासा पाण्यातच. थंड पाणी इथे आपल्या मदतीला असतं. समुद्रसपाटीला ५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १२.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांत ९.१ च. म्हणून वसंतात मासा लवकर सावरतो. हवा शून्याखाली असेल तर मात्र त्याला क्षणभरही बाहेर काढू नका, कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांना इजा होते.

१८. धरण स्वच्छ पाणी सोडतंय, तरी नदी गढूळ का?

मधे मिळणारा ओढा. बर्फ वितळला की उपनद्या गाळ आणतात. संगमाच्या वर सरका, तिथे पाणी नितळ असेल. वर जागा नसेल तर गढूळ आणि स्वच्छ पाणी शेजारी वाहतं त्या शिवणीवर ऑलिव्ह स्ट्रीमर सावकाश ओढा.

१९. यंदा सांडव्यावरून पाणी सोडताहेत. फरक पडतो?

मोठा. सांडव्यावरचं पाणी जलाशयाच्या वरच्या थरातलं, म्हणून वसंताच्या अखेरीस ते तळाच्या पाण्यापेक्षा उबदार असतं. एका दिवसात नदीचं तापमान बदलू शकतं. उंचावरून कोसळताना हवा पाण्यात दाबून मिसळते आणि अतिरेक झाला तर माशांच्या अंगात वायूचे बुडबुडे होतात. असे मासे दिसले तर त्यांना आणखी दमवू नका. सगळी धरणं फक्त तळातूनच पाणी सोडतात असंही नाही. फ्लेमिंग गॉर्जमधून येणारं पाणी इतकं गार होतं की ट्राउटची वाढच खुंटली. १९७८ मध्ये वेगवेगळ्या पातळीवरून पाणी उचलण्याची सोय केल्यावर ते सावरले. तुमचं धरण कोणत्या पातळीवरून पाणी घेतं हे माहीत करून घ्या. प्रश्न ३ मधले आकडे त्यानुसार पुढे-मागे होतात.

२०. एका नदीवरून दुसरीकडे जाताना बूट धुणं खरंच गरजेचं आहे का?

हो. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय १९८७ मध्ये अमेरिकेत स्नेक नदीत आढळली आणि तिथून पश्चिमेकडच्या अनेक टेलवॉटरमध्ये पसरली. ती काही मिलिमीटरची असते आणि नराशिवाय पिल्लं देते, म्हणजे बुटाच्या शिवणीतली एक मादी नव्या नदीला पुरते. ट्राउटने खाल्ली तरी पुष्कळदा जिवंत बाहेर पडते. बूट घासा, लेस सोडून धुवा, पूर्ण वाळवा किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. नमद्याचे तळवे दगडावर छान धरतात, पण ओल आणि जीव दोन्ही धरून ठेवतात. न्यूझीलंडने त्यांच्यावर २००८ मध्येच बंदी घातली. रबरी तळव्यांना खिळे लावून घ्या.

२१. दक्षिण गोलार्धात हे सगळं कधी लागू होतं?

वसंत तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणून महिने सहाने पुढे सरकवा. विणीचे महिने मात्र नुसते सहाने सरकवून चालत नाही. तिथल्या कित्येक नद्यांत रेनबो हिवाळ्यातच अंडी घालायला लागतात आणि वसंतापर्यंत चालू राहतात. प्रश्न १४ आणि १६ मधली काळजी तिथे एकाच वेळी घ्यावी लागते.